उष्णता नाही हो, बी12!

जीभ लालबुंद, साधा वरणभातही झोंबतोय, की आपल्याकडे निदान ठरलेलं, उष्णता झाली! आमच्या काकूंनी चार महिने गुलकंद आणि सब्जा खाल्ला, आरशात बघितलं तर जीभ काचेसारखी गुळगुळीत. शुद्ध शाकाहारी, त्यात डायबेटिससाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे बी12 कमी पडायला दोन कारणं घरातच होती.

आता मला आवडणारा भाग. जिभेचा खरखरीतपणा असतो तो बारीक टोकदार अंकुरांमुळे, ते सारखे झिजतात आणि खालून नव्या पेशी येत राहतात. नवी पेशी म्हणजे डीएनएची नवी कॉपी, आणि त्यातलं थायमिन हे अक्षर (बी1 जीवनसत्त्वाला म्हणतात ते थायमिन नव्हे) बनवायला फोलेट, म्हणजे बी9 जीवनसत्त्व, लागतं. पण रक्तातलं फोलेट येतं ते मिथाइलचं टोपण लावून, आणि ते टोपण काढणारं एन्झाइम बी12शिवाय चालत नाही. बी12 नसेल तर फोलेट असून नसल्यासारखं, घरात चार सिलिंडर पण रेग्युलेटरच नाही अशी गत. मग पेशी वाढतात पण वेळेत विभागत नाहीत, रक्तात तांबड्या पेशी मोठ्या पण कमी, आणि जिभेवरचे अंकुर झडतात ते परत येत नाहीत.

गंमत म्हणजे नुसती फोलिक अ‍ॅसिडची, म्हणजे फोलेटच्याच कृत्रिम रूपाची, गोळी घेतली तर तिला हे टोपण नसतंच, ती दुसऱ्या वाटेने आत घुसते, हिमोग्लोबिन सुधारतं आणि आपण खूश. पण मज्जातंतूंना बी12च लागतं, तिथलं नुकसान चालूच राहतं, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं. म्हणून आधी बी12 तपासायचं. (या फोलेटचा मागही मुंबईतच लागला बरं का, 1928 नंतर लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी इथल्या गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया यीस्टच्या अर्काने बरा केला तेव्हा.)

काकूंना डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, काही आठवड्यांत जीभ पूर्ववत. 'शाकाहारी बी12' म्हणून स्पिरुलिना विकतात त्याच्या नादी लागू नका, त्यातलं बहुतेक बी12 आपल्या शरीराला चालतच नाही. दूध, दही घ्या, चालत असेल तर अंडी, मासे, आणि कमतरता निघाली तर सरळ औषध.

अर्थात प्रत्येक जळजळ बी12ची नसते. लोह कमी असतं, बुरशी असते, कवळी टोचत असते. नकाशासारखे चट्टे जागा बदलत फिरत असतील तर ते बहुधा निरुपद्रवी. पण एकाच जागी तीन आठवड्यांहून जास्त टिकलेली जखम, आणि त्यात तंबाखूची सवय, तर गुलकंदाची बरणी उघडू नका, डॉक्टर गाठा.