फुकुरोमाची शाळेच्या भिंती : पार्श्वभूमी

हिरोशिमाच्या मध्यवस्तीतली फुकुरोमाची प्राथमिक शाळा आजही भरते. तिच्याच आवारात जुन्या पश्चिम इमारतीचा राखलेला भाग २००२ पासून शांतता संग्रहालय म्हणून खुला आहे. प्रवेश मोफत आहे. पण या भिंतींसमोर उभं राहण्याआधी त्यांचा इतिहास माहीत हवा, नाहीतर समोर नुसते काळपट डाग दिसतात.

ही इमारत १९३७ची, प्रबलित काँक्रीटची, तीन मजली. बाकी शहर बहुतांशी लाकडी होतं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब फुटला, तेव्हा शाळा स्फोटकेंद्रापासून अवघ्या ४६० मीटरवर होती. शाळेच्या लाकडी इमारती गेल्या. पश्चिम इमारत आतून जळाली, पण तिचा सांगाडा उभा राहिला. हवाई हल्ल्यांच्या भीतीने वरच्या वर्गांतली बरीच मुलं आधीच खेड्यांत पाठवलेली होती. शाळेत होते त्यांतले सुमारे १६० विद्यार्थी आणि शिक्षक मृत्युमुखी पडले. तळघरात असलेली तीन मुलं वाचली.

त्या जळक्या सांगाड्यातच जखमींसाठी मदत केंद्र सुरू झालं. आपल्या माणसांना शोधत लोक तिथे येऊ लागले. कागद नव्हता, टपाल नव्हतं. भिंती मात्र काजळीने फळ्यासारख्या काळ्या झाल्या होत्या, आणि शाळा म्हटल्यावर खडू होताच. कोण कुठे हलवलं गेलं, कोण वारलं, कुणाबद्दल काही कळल्यास कुठे कळवावं, हे सगळं भिंतींवर लिहिलं गेलं. छायाचित्रकार शुंकिची किकुची यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या मजकुराचे फोटो काढले.

१९४६मध्ये शाळा पुन्हा भरू लागली. मुलांसाठी वर्ग नीट करायला हवेतच. भिंती पुसल्या गेल्या, त्यांवर गिलावा चढला आणि मजकूर दिसेनासा झाला. याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. उलट त्या गिलाव्यानेच अक्षरं जपली.

१९९९मध्ये इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. त्याआधीच्या तपासणीत गिलावा खरवडला, तर आत अक्षरं निघाली, आणि तीही काळी! खडूने झाकलेली काजळी पुसताना वाचली होती. भोवतालची गेली, म्हणून पांढऱ्या खडूचा मजकूर उलटून काळा झाला. किकुचींचे फोटो हाताशी होते, त्यामुळे तो वाचता आला. पुढे काही संदेशांशी जोडलेले कुटुंबीयही सापडले. अर्ध्या शतकानंतर आपल्या माणसाचं नाव भिंतीवर पाहणं त्यांना कसं गेलं असेल, याची कल्पना करवत नाही.

जाणाऱ्यांनी आधी तिथले फोटो नीट पाहावेत, मग भिंतीकडे वळावं. वेळ असेल तर होनकावा शाळेतही जावं. १९२८ची तिची इमारत स्फोटकेंद्राच्या आणखी जवळ होती, आणि तिथलं संग्रहालय १९८८पासून आहे. होनकावात त्या सकाळी शाळेत असलेल्यांपैकी फक्त एक शिक्षिका आणि एक विद्यार्थिनी वाचली.