कूलरमधून हाक येते तेव्हा

मे महिना, रात्रीचे अकरा. खोलीत कूलर घरघरतोय आणि आठ वर्षांची मुलगी उठून बसते: "आई, कोणीतरी मले आवाज देऊन राहिलं." यावर नागपुरातल्या बऱ्याच घरांत दोन उत्तरं तयार असतात. एक, "काही नाही, झोप." दुसरं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणं. पहिल्याने मूल पुढच्या वेळी सांगतच नाही. दुसऱ्याने घरच्यांनीच भीती खरी ठरवलेली असते.

आधी कूलरचंच बघा. पंखा, पंप आणि वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकणारं पाणी मिळून सलग घरघर होते. तिच्यात जाड-बारीक सगळेच स्वर मिसळलेले असतात. अशा गोंगाटात मेंदू ओळखीचं काही शोधत बसतो, आणि स्वतःच्या नावाइतकं ओळखीचं काय असणार? मुलीला जवळ घेऊन पंप बंद करा, मग पंख्याचा वेग बदला, शेवटी कूलर पूर्ण बंद करा. दर वेळी फक्त विचारा, "आता?" कूलरबरोबर हाकही बदलली, तर तिचं मूळ मुलीनेच शोधलेलं असतं. तुमच्या समजावण्यापेक्षा तिला ते जास्त पटतं.

डोळा लागता लागता स्वप्नाचा तुकडा जागेपणी डोकावतो, तेव्हाही हाका, चेहरे, सावल्या जाणवतात. उकाड्याने झोप तुटली की हे वाढतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. संशोधनांच्या एकत्रित आकड्यांनुसार 9 ते 12 वयोगटात शंभरात साधारण 17 मुलं नसलेलं ऐकू येण्या-दिसण्यासारखे अनुभव सांगतात, 13 ते 18 मध्ये 7-8. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं.

विचारताना "मग काय झालं?" एवढंच विचारा. "पांढरी साडी होती का?" असं विचारलंत, तर उद्याच्या हकिकतीत साडी हमखास येते. दोन आठवडे वहीत मुलाचेच शब्द लिहा. सोबत वेळ, झोपेआधी की पूर्ण जागेपणी, किती मिनिटं, ताप, नवीन औषध. दिवा लावून उठून बसल्यावर गेलं का, हेही लिहा.

पूर्ण जागेपणी वारंवार होत असेल, आवाज काही करायला सांगत असेल, अभ्यास-मित्र सुटत असतील, तर बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. तेच रंगीत गोळे पुन्हा पुन्हा दिसणं किंवा नसलेला जळका वास येणं, आणि त्यासोबत मूल काही क्षण हरवणं, ही फिटही असू शकते. त्या वेळचा मोबाइल व्हिडिओ डॉक्टरांना फार कामी येतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं किंवा मिरचीची धुरी देणं हा तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

एका बाबतीत मात्र वही बाजूला ठेवा. महादेवाला वाहतात त्या धोत्र्याच्या विषारी बिया मुलं खेळता खेळता खातात, आणि त्यानेही असे भास होतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग लालबुंद आणि गरम, हवेत काहीतरी पकडू पाहणारे हात दिसले, की थेट कॅज्युअल्टीत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उरलेल्या बिया किंवा फळ पिशवीत घालून सोबत न्या.