प्लेस्टेशन ३ची आवृत्ती निवडताना : यंत्रातील बदलांची पार्श्वभूमी

सोनीचे प्लेस्टेशन ३ आता बहुधा वापरलेल्या स्थितीतच हाती येते आणि ते घेऊ पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणती आवृत्ती घ्यावी हा. या कन्सोलसाठी निघालेले गेम सर्व आवृत्त्यांवर सारखेच चालतात, त्यामुळे वेग हा निवडीचा निकष ठरत नाही. फरक पडतो तो जुन्या पिढीच्या डिस्क चालण्यात, यंत्र किती तापते यात आणि ते किती वर्षे टिकते यात. हे सर्व फरक २००६ ते २०१२ या काळात उत्पादनखर्च उतरवण्यासाठी सोनीने घेतलेल्या निर्णयांतून आलेले आहेत. विक्रेते मात्र बहुतेक वेळा हार्ड डिस्कची क्षमता सांगून थांबतात, आणि माझ्या मते ओळख पटवण्यासाठी तिच्याइतकी फसवी खूण दुसरी नाही.

प्लेस्टेशन ३ जपानमध्ये ११ नोव्हेंबर २००६ रोजी आणि उत्तर अमेरिकेत त्याच महिन्याच्या १७ तारखेला विक्रीस आले. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेला सेल प्रोसेसर, एनव्हिडियाची आरएसएक्स ही ग्राफिक्स चिप आणि त्या काळी अतिशय महाग असलेला ब्लू-रे ड्राइव्ह अशी त्याची रचना होती. अमेरिकेत २० जीबीच्या यंत्राची किंमत ४९९ डॉलर आणि ६० जीबीच्या यंत्राची ५९९ डॉलर होती. ग्राहकांना ती फार वाटली, तरी आयसप्लाय या विश्लेषण संस्थेच्या अंदाजानुसार दोन्ही यंत्रांचा निर्मितीखर्च ८०० डॉलरच्या वर जात होता. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे तोटा होत असताना कंपनी एकेक भाग कमी करण्याच्या मागे लागली, यात नवल नव्हते.

पहिली कात्री लागली ती प्लेस्टेशन २च्या चिपना. मागील पिढीचे गेम नव्या यंत्रावर चालावेत ही सोनीची रीत जुनी होती. प्लेस्टेशन २मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर इनपुट-आउटपुटचे काम पाहण्यासाठी बसवलेला होता आणि जुना गेम घातला की तोच मुख्य प्रोसेसर म्हणून काम करी. त्याच धर्तीवर प्लेस्टेशन ३च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत, म्हणजे ६० जीबीच्या सीईसीएचए (CECHA) आणि २० जीबीच्या सीईसीएचबी (CECHB) या मॉडेलांमध्ये, प्लेस्टेशन २चा इमोशन इंजिन हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स सिंथेसायझर ही चित्रचिप अशी दोन्ही अंगे प्रत्यक्ष बसवलेली होती. जुना गेम त्यावर चालतो तो बहुतांशी मूळ यंत्रासारखाच.

निळ्या लेसर डायोडच्या तुटवड्यामुळे युरोपातील विक्री लांबली आणि २३ मार्च २००७ रोजी सुरू झाली. तिथे आलेल्या सीईसीएचसी या यंत्राची क्षमताही ६० जीबीच होती, पण त्यातून इमोशन इंजिन गायब झाले होते. ग्राफिक्स सिंथेसायझर शिल्लक होता आणि प्रोसेसरचे काम सॉफ्टवेअरच्या साहाय्याने सेलकडून करून घेतले जात होते. असे केल्यावर पुष्कळ गेम नीट चालतात, काही अडखळतात, तर काही चालतच नाहीत. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेत आलेले ८० जीबीचे सीईसीएचई हे यंत्रही याच अर्ध्या सोयीचे. पुढे ४० जीबीच्या सीईसीएचजीपासून दुसरी चिपही गेली आणि प्लेस्टेशन २च्या डिस्क चालणे कायमचे थांबले. यानंतर ८० जीबीचीच सीईसीएचके आणि सीईसीएचएल ही यंत्रे निघाली, ज्यांत जुन्या चिपपैकी काहीच नाही. म्हणजे ‘६० जीबी’ या एका वर्णनात पूर्ण सोयीचे आणि अर्ध्या सोयीचे अशी दोन्ही यंत्रे बसतात, तर ‘८० जीबी’मध्ये अर्ध्या सोयीचे आणि मुळीच सोय नसलेले. त्यात हार्ड डिस्क अडीच इंची साटा प्रकारची असून वापरणाऱ्याला ती सहज बदलता येते, त्यामुळे आज यंत्रात असलेली क्षमता मूळचीच असेल असेही म्हणता येत नाही. खरी ओळख देते ते यंत्राच्या मागच्या लेबलवरील मॉडेल अक्षर, म्हणजे ‘सीईसीएच’नंतरचे अक्षर. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र सॉफ्टवेअरच्या जोरावर सर्वच आवृत्त्यांवर चालतात.

इतर कपाती त्या मानाने किरकोळ होत्या. सुरुवातीच्या यंत्रांना चार यूएसबी पोर्ट होते, ४० जीबीपासून दोनच उरले. मेमरी कार्ड वाचण्याची सोय आणि सुपर ऑडिओ सीडी वाजवण्याची क्षमताही पुढे राहिली नाही. २० जीबीच्या मूळ यंत्रात वाय-फाय आणि कार्ड रीडर आधीपासूनच नव्हते.

उष्णतेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पहिल्या यंत्रांतील सेल आणि आरएसएक्स या दोन्ही चिप ९० नॅनोमीटर प्रक्रियेवर (हा आकडा जितका लहान, तितकी चिप लहान आणि थंड) बनलेल्या होत्या आणि यंत्राला ३८० वॉटचा वीजपुरवठा लागत असे. वारंवार तापून थंड होण्याने या यंत्रांत कालांतराने तो कुप्रसिद्ध बिघाड दिसू लागला, ज्यात पिवळा दिवा क्षणभर लागून यंत्र बंद पडते. त्याचे मूळ आरएसएक्सच्या खालील जोडण्यांत आहे की बोर्डावरील नेक-टोकिन कपॅसिटर (चिपचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारे भाग) थकण्यात, यावर दुरुस्ती करणाऱ्यांत मतभेद आहेत. दोन्ही कारणांनी बंद पडलेली यंत्रे सापडतात. गरम हवा मारून ती पुन्हा सुरू करण्याचा उपाय फार काळ टिकत नाही, म्हणून ‘नुकतेच दुरुस्त केलेले’ असे सांगितल्या जाणाऱ्या सीईसीएचएबाबत काय दुरुस्त केले हे विचारलेच पाहिजे. जाणकार आता जुनी आरएसएक्स काढून तिच्या जागी नंतरच्या यंत्रांतील ४० नॅनोमीटरची चिप बसवतात. हे काम अवघड आहे, पण पूर्ण सोयीची यंत्रे वाचवण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला तरी दिसत नाही.

सोनीनेही चिपचा आकार टप्प्याटप्प्याने घटवला. सीईसीएचजीमध्ये सेल ६५ नॅनोमीटरवर आला आणि पुढच्या यंत्रांत आरएसएक्सही. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या स्लिम आवृत्तीत, म्हणजे सीईसीएच-२००० मालिकेत, सेल ४५ नॅनोमीटरचा झाला, वजन सुमारे पाच किलोवरून सव्वातीन किलोच्या आसपास आले आणि अमेरिकेतील किंमत २९९ डॉलरवर उतरली. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ध्वनिप्रवाह मूळ स्वरूपात ॲम्प्लिफायरकडे पाठवण्याची सोयही याच यंत्रात आली. त्याच वेळी लिनक्ससारखी दुसरी प्रणाली बसवण्याची मोकळीक गेली. संशोधकांनी तिचा मोठा उपयोग केला होता. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने तर १७०० हून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला होता. जुन्या यंत्रांवरील हीच सोय १ एप्रिल २०१० च्या ३.२१ या अद्ययावतीकरणाने काढून घेतली गेली. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची जाहिरात केलेली क्षमता अशी मागाहून हिरावणे मला आजही अन्यायाचे वाटते.

स्लिममधील २१०० आणि २५०० या मालिकांत आरएसएक्सही ४० नॅनोमीटरची झाली. प्लेस्टेशन २च्या डिस्क चालवायच्या नसतील, तर माझी पसंती याच दोन मालिकांना आहे : दोन्ही मुख्य चिप लहान आणि थंड, डिस्क आत ओढून घेणारा ड्राइव्ह तसाच आणि बांधणीही घट्ट. २०११ च्या ३००० मालिकेपासून ब्लू-रे चित्रपट ॲनालॉग जोडणीतून केवळ साध्या दर्जात दिसतात, हे जुना दूरचित्रवाणी संच वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

२०१२ मध्ये आलेली ४००० मालिका, म्हणजे सुपर स्लिम, खर्चकपातीचे शेवटचे टोक आहे. सुमारे २.१ किलो वजनाच्या या यंत्रात डिस्क हाताने सरकवायच्या झाकणाखाली ठेवावी लागते आणि सर्वांत स्वस्त आवृत्तीत हार्ड डिस्कऐवजी १२ जीबीची फ्लॅश मेमरी होती. यंत्र कमी तापते. झाकण मात्र तकलादू वाटते.

कोणतीही आवृत्ती घेतली, तरी ब्लू-रे ड्राइव्हचा सर्किट बोर्ड त्याच यंत्राच्या मदरबोर्डाशी गुप्त सांकेतिक किल्लीने जोडलेला असतो. ड्राइव्ह बिघडल्यास लेसर बदलता येते, पण दुसऱ्या यंत्राचा संपूर्ण ड्राइव्ह जसाच्या तसा बसवून चालत नाही. म्हणून मूळ बोर्ड हरवलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी टाळावे. सीईसीएचए किंवा सीईसीएचबी शोधणाऱ्याने मॉडेल अक्षरानंतरचे दोन अंकही पाहावेत : ०० म्हणजे जपान, ०१ म्हणजे अमेरिका, ०३ म्हणजे ब्रिटन, ०४ म्हणजे युरोप. प्लेस्टेशन ३चे जवळजवळ सर्व गेम कोणत्याही प्रदेशाच्या यंत्रावर चालतात, परंतु पहिल्या दोन पिढ्यांच्या डिस्कना हे स्वातंत्र्य नाही. अमेरिकी प्लेस्टेशन २ डिस्कचा संग्रह असलेल्याला ०० अंकाचे जपानी यंत्र त्याच्या चिप शाबूत असूनही उपयोगी पडणार नाही.