ग्लास्टनबरी फेस्टिव्हल: पर्यावरणाची बाजू

ग्लास्टनबरी हा इंग्लंडच्या सॉमरसेट भागात पिल्टन गावाजवळ, वर्दी फार्म नावाच्या शेतावर भरणारा म्युझिक फेस्टिव्हल, हल्ली जूनच्या शेवटी असतो. मायकल ईव्हिस या दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यानं 19 सप्टेंबर 1970 ला तो पहिल्यांदा भरवला, तिकीट 1 पाउंड आणि वर शेतावरचं दूध फुकट. तेव्हा आली दीडेक हजार माणसं, आता येतात दोन लाख, पाच दिवस तंबू ठोकून राहतात, खातात पितात नाचतात आणि निघून जातात. मागे उरतं ते शेत, आणि तिथं परत गाई चरायला यायच्या असतात. इथले बरेचसे पर्यावरणाचे नियम या एका गोष्टीवरून कळतात.

तंबूच्या मेखांचंच घ्या. गवतात राहिलेली लोखंडी मेख गाईनं गिळली की खेळ खलास, आपल्याकडे गाईच्या पोटातून तारा-खिळे निघाल्याच्या बातम्या येतात ना, तसंच. म्हणून माणसं गेली की व्हॉलंटियर ओळीनं वाकून कचरा वेचतात, अगदी सिगरेटची थोटकंसुद्धा, आणि मग ट्रॅक्टरला लोहचुंबकाच्या पट्ट्या लावून सगळं रान फिरवतात. हे काम काही आठवडे चालतं. शिवाय पाच-सहा वर्षांतून एकदा फेस्टिव्हल भरवतच नाहीत, जमीन पड टाकतात, 2018 ला टाकली होती आणि नंतर 2026 साठी ठरवली. (2012 ला पण सुट्टी होती, पण तेव्हा लंडन ऑलिम्पिकमुळे पोलीस आणि टॉयलेट दोन्ही कमी पडतील ही भीती हेही एक कारण होतं!)

प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या विकणं 2019 पासून बंद. त्याआधी 2017 मध्ये तिथं दहा लाखांवर बाटल्या खपल्या होत्या, त्यामुळे ही बंदी दिखाऊ म्हणता येणार नाही. आपली बाटली आणा आणि नळावर भरा, नळ शेकड्यांनी लावलेत.

विजेचं म्हणाल तर गोठ्याच्या छपरावर हजारावर सोलर पॅनल आहेत, आणि 2023 ला जनरेटर डिझेलऐवजी वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेल्या इंधनावर चालवले, काही स्टॉलना छोट्या पवनचक्कीची वीज दिली. पण स्टेजच्या लाइटपेक्षा मोठा प्रश्न प्रवासाचा, तो कुठल्याही फेस्टिव्हलला असतो. लोक एकेकटे गाडी काढून आले तर बाकी सगळं केलेलं पाण्यात, म्हणून कॅसल कॅरी स्टेशनवरून फुकट बस सोडतात आणि बसच्या सीटसकट तिकीटं विकतात.

सगळ्यात अवघड मामला मात्र संडास-मुतारीचा. दोन लाख माणसांचं मैलापाणी शेतात साठवायचं म्हणजे गंमत नाही. 2014 ला साठवणीची एक टाकी गळली, घाण व्हाइटलेक नदीत गेली, मासे मेले आणि 2016 ला कोर्टात दंड-खर्च धरून 31 हजार पाउंड भरावे लागले. कंपोस्ट टॉयलेट तिथं आहेत, वर भुसा टाकायचा, नंतर खत होतं, वासही फार येत नाही म्हणतात. पण टॉयलेट कितीही असली तरी लोक कुंपणाशी उभे राहतातच. बँगोर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2019 च्या फेस्टिव्हलच्या आसपास या नदीचं पाणी तपासलं तर त्यात एमडीएमए (पार्ट्यांत घेतात ते नशेचं ड्रग) आणि कोकेन सापडलं, फेस्टिव्हलनंतरच्या आठवड्यात एमडीएमए चौपट झालेलं, आणि कोकेन इतकं की तिथल्या दुर्मिळ ईल माशांना त्रास व्हावा. म्हणजे नशा माणसाची, ती मुतातून नदीत, आणि भोग माशांचे. जमिनीवर मुतू नका असं फेस्टिव्हलवाले परत परत सांगतात, तरी पहाटे तीनला टॉयलेटपुढची लाइन बघून किती जण ते ऐकत असतील कोण जाणे.