ख्रिस्ती ऐक्यसंवाद (सातारा व सांगली)

प्रॉटेस्टंट पंथांनी आपसांत, तसेच रोमन कॅथलिक व इतर चर्चशी श्रद्धा, संस्कार आणि सेवकपद (धर्मसेवकाचे पद व अधिकार) यांविषयी केलेली बोलणी व त्यांतून झालेले करार म्हणजे ख्रिस्ती ऐक्यसंवाद. करार दोन तऱ्हांचे असतात. एकात पंथ विलीन होऊन एकच चर्च बनते. दुसऱ्यात पंथ वेगळेच राहतात, पण एकमेकांचा बाप्तिस्मा किंवा शिकवण मान्य करतात. मंडळ्यांतले (गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांतले) बरेच वाद या दोन तऱ्हांची गल्लत केल्याने होतात.

साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम होते. त्याची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे निर्णय त्या त्या मंडळीचा. सांगली-मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशन होते. तिथे निर्णय मंडळीच्या वडीलवर्गाचा आणि त्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची मिळून सभा. एकमेकांच्या क्षेत्रात शिरायचे नाही, असा मिशनांचा आपसांतला संकेत होता. त्यामुळे गावात चर्च कोणत्या पंथाचे, हे श्रद्धेपेक्षा भूगोलावर ठरले. या दोन्ही परंपरा १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. दोघींतही बिशप (अनेक मंडळ्यांवरचा धर्माधिकारी) नसल्याने ही जुळणी तुलनेने सोपी गेली.

पंथांच्या या भिंती परक्या आहेत, हे साताऱ्यातच फार ठळकपणे म्हटले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत अशी कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार रुजायचा राहिला. तो करार नव्हता, तरी मराठी मंडळ्यांतल्या ऐक्यविचाराचा इतिहास त्याला वगळून सांगता येत नाही.

मोठे विलीनीकरण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाले. १९२९ पासून चाललेल्या बोलण्यांनंतर सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) उभे राहिले: अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. अडचणी दोन होत्या: बिशपपद आणि बाप्तिस्मा. बिशपपद सर्वांनी स्वीकारले, पण त्याला घटनेची चौकट घातली. बाप्तिस्म्याबाबत बालकाचा आणि विश्वास कबूल केलेल्या प्रौढाचा, असे दोन्ही मार्ग खुले ठेवले. गाडे अडते ते लहानपणी बाप्तिस्मा झालेली व्यक्ती पुढे पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा मागते तेव्हा. पहिला बाप्तिस्मा खरा मानला तर दुसरा देता येत नाही. एखाद्या स्वतंत्र मंडळीने तो दिला, की घरातच दोन तट पडतात.

कॅथलिक चर्चशी विलीनीकरण झालेले नाही. तिथे मान्यतेचे करार आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्याविषयीचा हुकूमनामा काढून दार उघडले. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या शिकवणीवर लुथरन व कॅथलिक चर्चने ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्च त्यात आले. सांगलीचा प्रेस्बिटेरियन वारसा याच रिफॉर्म्ड कुळातला.

घरोघरी अशा मान्यतेची गाठ पडते ती लग्नात. मुलगी कॅथलिक आणि मुलगा सीएनआयचा असेल, तर फादर आधी मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. पाणी वापरून आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ या नावाने झालेला बाप्तिस्मा ते मान्य करतात. तो पुन्हा दिला जात नाही. मग बिशपांची परवानगी लागते आणि कॅथलिक पक्षाला श्रद्धा टिकवण्याचे व मुलांबाबतचे वचन द्यावे लागते. विधी पाळकसाहेबांच्या (प्रॉटेस्टंट धर्मसेवकाच्या) चर्चमध्ये करायचा असेल, तर वेगळी सूट घ्यावी लागते. लग्नाची संमती एकदाच विचारली जाते. सकाळी फादरांकडे आणि संध्याकाळी पाळकांकडे, अशी दोनदा शपथ कॅथलिक कायद्यात बसत नाही. दाखल्यावर फक्त ‘येशूच्या नावाने’ असे असेल किंवा मंडळीची नोंदवही गहाळ असेल, तर तारीख पुढे जाते. म्हणून पत्रिका छापण्यापूर्वी दाखला हातात असावा.

१८ ते २५ जानेवारी हा ऐक्यप्रार्थनेचा आठवडा. संयुक्त उपासनेत वचनवाचन, गीते, मध्यस्थीच्या प्रार्थना आणि संदेश वाटून घेता येतात. प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा संस्कार) मात्र ठेवू नये: कॅथलिक नियमाप्रमाणे मिस्सेतला हा प्रसाद सर्वसाधारणपणे इतरांना देता येत नाही, आणि ऐन वेदीपुढे कोणाला थांबवणे फार दुखावणारे असते.

सर्वांत चिवट प्रश्न जमिनीचा. मनाने मंडळ्या एक झाल्या तरी चर्च, शाळा, कब्रस्तान यांचे कागद जुन्या न्यासांच्या नावे राहिले. गुजरातमधील ब्रेदरन मिळकतींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले, की विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून मिळकत आपोआप सीएनआयची होत नाही. संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा यांतली प्रक्रिया पुरी करावी लागते. विश्वस्त बदलले, तर न्यास कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे दिला नाही, की जुने आणि नवे असे दोन पंच एकाच कब्रस्तानावर हक्क सांगतात. मंडळीने परिशिष्ट १ चा (न्यासाच्या नोंदणीचा) उतारा आणि सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका शेजारी ठेवून नावे ताडावीत. दोन्हींवर वेगवेगळ्या संस्थेचे नाव असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे.