खानोलकर, चिंतामणी त्र्यंबक (आरती प्रभू)

(८ मार्च १९३० – २६ एप्रिल १९७६). मराठी कादंबरीकार, कवी आणि नाटककार. कविता 'आरती प्रभू' या नावाने लिहिली. कादंबऱ्या, कथा आणि नाटके चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने. त्यांच्या लेखनावरून 'चानी' (१९७७), 'कोंडुरा' (१९७८) आणि 'अनकही' (१९८५) हे चित्रपट निघाले. तिघे दिग्दर्शक एकमेकांपासून अगदी वेगळ्या प्रकृतीचे. तिन्ही चित्रपट आले तेव्हा खानोलकर हयात नव्हते.

जन्म तळकोकणात, तेंडोलीजवळच्या बागलांची राई इथला. हा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, आता सिंधुदुर्गात आहे. घरच्यांची कुडाळला खानावळ होती. येणारी-जाणारी गिऱ्हाइके, पैशांची ओढाताण, आणि गल्ल्यावर बसलेला, हिशेबात लक्ष नसलेला तरुण, असे त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांचे चित्र आहे. 'शून्य शृंगारते' ही कविता १९५४ साली 'सत्यकथा' मासिकात छापून आली आणि आरती प्रभू कोण, अशी विचारणा मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळात सुरू झाली. खानावळ चालली नाही. १९५९ मध्ये ते मुंबईला आले, काही काळ आकाशवाणीत होते. 'जोगवा' हा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला, 'दिवेलागण' १९६२ मध्ये. स्थैर्य मात्र कधी लाभले नाही. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी जेवढे लिहिले तेवढे लिहायला एरवी एक आयुष्य पुरत नाही. त्यातले काही घाईचे आहे, आणि त्या घाईमागे संसार चालवण्याची निकड होती.

'रात्र काळी घागर काळी' (१९६२) या कादंबरीचे नाव यमुनेच्या काळ्या पाण्याची ओळ असलेल्या प्रसिद्ध जुन्या गौळणीतले आहे. त्यामागोमाग 'अजगर' (१९६५), 'कोंडुरा' (१९६६), 'त्रिशंकू' (१९६८) आणि 'गणुराया आणि चानी' (१९७०). माडांच्या बनात सुट्टी घालवायला जाणाऱ्यांना दिसते ते कोकण या कादंबऱ्यांत नाही. इथे देवळातला कौल, पूर्वजांचा दोष, अंगात येणारा देव, परसातली विहीर आणि बंद माजघरात दाबून ठेवलेली वासना एकाच घरात नांदतात. माणूस नियतीला भितो आणि त्या भीतीपोटीच तिच्या हाती सापडतो. हा धागा खानोलकरांच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कृतीत आहे. त्यांचे गद्य कवीचे आहे: वाक्य मध्येच थांबते, एखादी वस्तू – समई, घागर, सावली – पुन्हा पुन्हा परत येते आणि दर खेपेला थोडी अधिक भयाण होते. ही त्यांची खरी ताकद, आणि चित्रपट करणाऱ्यांपुढची अडचणही तीच.

नाट्यक्षेत्रातही त्यांचे स्थान मोठे आहे. 'एक शून्य बाजीराव' (१९६६) विजया मेहता यांनी 'रंगायन' या नाट्यसंस्थेतर्फे रंगमंचावर आणले. 'अजब न्याय वर्तुळाचा' हे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'चे त्यांनी केलेले रूपांतर. जर्मन नाटक मराठी लोकनाट्याच्या बोलीत आणताना त्यांनी मूळ कृतीची शब्दशः री ओढली नाही. त्यांच्या स्वतःच्या कृतींवर पुढे जी रूपांतरे झाली, ती पाहताना ही गोष्ट आठवते.

'चानी' म्हणजे मालवणीत खार. गोऱ्या साहेबापासून गावातल्या बाईला झालेली ही मुलगी, पिंगट केसांची, घाऱ्या डोळ्यांची, म्हणून गावाने वाळीत टाकलेली. गावाच्या कडेकडेने ती खारीसारखीच वावरते: दिसते, पळते, पुन्हा दिसते. कादंबरी एका लहान मुलाच्या नजरेने तिच्याकडे पाहते. त्याला तिचा लळा आहे, मोठ्यांच्या बोलण्यातले विष मात्र त्याला पुरते कळत नाही. वाचकाला कळते, आणि म्हणूनच वाचवत नाही. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटात रंजना यांनी चानी उभी केली. त्यांच्या हालचालीत एक रानवट चपळाई आहे, ती खरी वाटते. शांतारामांची दृष्टी मात्र रंगांची, नृत्याची, भरजरी चौकटीची. मुलाच्या अर्धवट समजुतीतून येणारी कळ त्या झगझगाटात बरीच कमी होते. तरी या चित्रपटाने एक मोलाची गोष्ट केली: गाणी खुद्द आरती प्रभूंच्या शब्दांत ठेवली. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतले, लता मंगेशकरांनी गायलेले 'तो एक राजपुत्र' ऐकताना चानीचे एकाकीपण थेट पोचते. वाळीत टाकलेल्या पोरीचे ते स्वप्न पडद्यावरच्या सगळ्या सजावटीपेक्षा जास्त टिकले आहे.

'कोंडुरा' हे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या एका जागेचेही नाव आहे. तिथे खडकांच्या कपारीत लाट शिरली की समुद्र घुमतो. कादंबरीतला परशुराम घरातल्या अपमानाने बाहेर पडतो आणि त्याला कोंडुरा या दैवी शक्तीचा साक्षात्कार होतो. त्याला एक मुळी मिळते, गर्भ पाडणारी. अट एकच, ब्रह्मचर्य पाळायचे. परशुराम गावाच्या नजरेत थोर होत जातो, घरात बायको एकटी पडत जाते, आणि पापाचा नायनाट करायला निघालेला हा माणूस संशयावरून भलत्याच बाईच्या ओठी मुळी लावून बसतो. दैवी शक्ती खरी की मनाचा खेळ, हे खानोलकर शेवटपर्यंत सांगत नाहीत.

श्याम बेनेगल यांनी हा चित्रपट हिंदीत आणि तेलुगूत ('अनुग्रहम') एकाच वेळी केला आणि कथा आंध्रातल्या गावात नेली. अनंत नाग परशुराम, वाणिश्री त्याची पत्नी, स्मिता पाटील पार्वती, अमरीश पुरी कोंडुरा. छायाचित्रण गोविंद निहलानी, संगीत वनराज भाटिया. बेनेगलांचा भर जमीनदारी आणि श्रद्धेच्या आड चालणारी सत्ता यांवर आहे. त्यामुळे गाव स्पष्ट दिसते, माणसांचे हितसंबंध कळतात. पण कोकणातून उचलल्यावर कथेतला ओलसर अंधार मागे राहतो. कादंबरीत कोंडुरा प्रामुख्याने ऐकू येतो. पडद्यावर त्याला देह द्यावा लागला, आणि अमरीश पुरींसारखा नट असूनही देह दिल्यावर त्या घुमण्याची भीती उणावली. तरीही तिन्हींत हाच चित्रपट मूळ प्रश्नाशी सर्वांत प्रामाणिक राहिला, असे माझे मत आहे.

'अनकही' अमोल पालेकर यांनी 'कालाय तस्मै नमः' या नाटकावरून केला. ज्योतिषी बाप मुलाचे भविष्य पाहतो: पहिली बायको बाळंतपणात जाणार. मुलाचे एकीवर प्रेम आहे. तिला वाचवायचे म्हणून तो आधी दुसऱ्याच, मनाने दुबळ्या मुलीशी लग्न करतो. एका माणसाने दुसऱ्या माणसाला ढाल म्हणून वापरायचे, इतकी साधी आणि इतकी भयंकर कल्पना. दीप्ती नवल यांची ती निरागस मुलगी आणि श्रीराम लागूंचा ज्योतिषी यांच्यावर चित्रपट उभा आहे. कथा शहरात आली तरी तिचे काही बिघडले नाही, कारण इथे भीती घरातल्याच माणसाच्या तोंडून येते. जयदेव यांना संगीतासाठी आणि पंडित भीमसेन जोशी यांना पार्श्वगायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'रघुवर तुमको मेरी लाज' हे त्यातलेच भजन.

'नक्षत्रांचे देणे' (१९७५) या संग्रहाला १९७८ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे दूरचित्रवाणीवरच्या एका मराठी संगीत कार्यक्रमाने हेच नाव घेतले. 'ये रे घना', 'नाही कशी म्हणू तुला', 'गेले द्यायचे राहून' ही गाणी ज्या घरांत रोज ऐकली जातात, त्यांतल्या अनेकांनी 'कोंडुरा' कधी हाती घेतलेली नसते. जब्बार पटेल यांच्या 'सामना' (१९७५) चित्रपटातले 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' हे गीतही आरती प्रभूंचे. चाल भास्कर चंदावरकरांची, आवाज रवींद्र साठे यांचा. त्यांच्या कादंबऱ्या पडद्यावर पोचायला अजून दोन वर्षे होती, पण हे गीत पडद्यावर आले तेव्हा ते हयात होते.