उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर गेला की दुचाकीवाल्यांना सल्ला ठरलेला: 'मागच्या चाकातली चार-पाच पौंड हवा काढा, नाहीतर टायर फुटेल.' मग टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात, बाजूला बारीक चिरा पडतात, आणि दोष तापलेल्या डांबराला जातो.

खरं कारण बहुतेक वेळा कमी हवाच असते. तापल्यावर दाब वाढतो हे बरोबर, पण किती? 25 अंशांना भरलेली 30 पौंड हवा 60 अंशांपर्यंत तापली तरी दाब साधारण 35 होतो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. ही वाढ त्यात धरलेलीच असते. उलट हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची भिंत जास्त वाकते आणि रबर आतून तापतं. ट्यूबवाला टायर रिमवर सरकला तर ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. फुटण्याचा धोका आपणच वाढवतो.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. आकडा स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. डबलसीटचा वेगळा, जास्त. पंपावर गरम टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका, हे फार महत्त्वाचं.

दाब बरोबर असूनही चिरा दिसल्या तर टायरवरचा चार अंकी आकडा वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. जुनं रबर हवेने सुधारत नाही, टायरच बदला. पुढच्या टायरवर खड्डे-उंचवटे जाणवले तर शॉकअब्सॉर्बर आणि चाकाचे बेअरिंग दाखवा.